डॉ. द्वारकानाथ कोटणीस : पाठ न केलेली उत्तरे



आपल्यापैकी काहींची मुले-मुली आज वैद्यकीय शिक्षण घेत आहेत. त्यांतल्या कुणाला पुढे सर्जन व्हायचे असेल. आपल्याकडे एम. एस.ची जागा नीट-पीजीच्या गुणांवर मिळते. परदेशी प्रशिक्षणासाठी मात्र मुलाखतही द्यावी लागते. सर्जरीच का निवडली, थकव्यात काम कसे कराल, इतरांना काय शिकवाल, असे तेथे विचारतात. उत्तरे पाठ करणारे पुष्कळ असतात. आपल्या जिल्ह्यातील एका तरुणाने ती जगून दाखवली.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापुरात 10 ऑक्टोबर 1910 रोजी एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढील प्रशिक्षणाची तयारी चालू असतानाच 1938 साल उजाडले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनने भारताकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरवले. कोटणीसांनी हातातली तयारी बाजूला ठेवली आणि घरी परवानगी मागितली. पालकहो, त्या घराची कल्पना करा. मुलगा नुकता कमावता होणार आणि तो निघाला युद्धभूमीवर! आईचा जीव कासावीस झाला. तरीही वडिलांनी उत्तेजन दिले.

सप्टेंबर 1938 मध्ये डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखाली पथक मुंबईहून बोटीने निघाले. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली. घरी परतले असते, तर कोणी बोट दाखवले नसते. पण जखमींना सोडून ते आले नाहीत. 1939 मध्ये पथक येनानला पोहोचले आणि कोटणीस आठव्या मार्ग सेनेबरोबर काम करू लागले.

1940 च्या मोठ्या लढाईत जखमींची रीघ लागली. कोटणीसांनी एकदा सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्या. त्या काळात आठशेहून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केले. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून यांना 1939 मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली होती. ती चिघळून रक्तात विष पसरले आणि ते दगावले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा जानेवारी 1941 मध्ये कोटणीसांकडे आली.

आता पुढील गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावी. कोटणीस चिनी भाषा शिकले, त्या भाषेत नव्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तकही लिहू लागले. आपल्या पश्चात काम थांबू नये, ही दृष्टी त्यामागे होती. परिचारिका क्वो छिंग-लान यांच्याशी त्यांनी 1941 मध्ये विवाह केला. 1942 मध्ये त्यांना मुलगा झाला. पण अपस्माराचे झटके बळावत गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पाचांपैकी चौघेच मायदेशी परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी ही कथा पुस्तकात लिहिली आणि 1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी ती पडद्यावर आणली.

मित्रांनो, मुलाखतीला जाल तेव्हा मोठमोठे शब्द नेऊ नका. रात्रपाळीत एखाद्या रुग्णाजवळ तुम्ही थांबलात का? झालेली चूक वरिष्ठांना वेळेवर सांगितलीत का? आपल्यापेक्षा लहान विद्यार्थ्याला टाके घालायला शिकवलेत का? असा स्वतः केलेला एखादा प्रसंग साध्या शब्दांत सांगा. तसा प्रसंग गाठीशी नसेल, तर खरी तयारी आजपासून वॉर्डात सुरू करा.

आणि पालकहो, मुलांचे गुण जरूर विचारा. पण आज कोणाच्या उपयोगी पडलास, हेही रोज विचारा. अक्कलकोटहून सोलापूर एस.टी.ने तासाभराच्या वाटेवर आहे. तेथे कोटणीसांचे स्मारक आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन ते अवश्य पाहून या.