र. धों. कर्वे : माणसांची संख्या आणि माणसांचे सुख

देशात माणसे किती असावीत, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ बहुधा जमीन आणि धान्य यांच्या हिशेबाने सोडवू पाहतात. इंग्लंडमध्ये माल्थसने १७९८ साली तो तसाच मांडला. मुंबईतील गणिताच्या एका प्राध्यापकाने मात्र त्याकडे बाळंतिणीच्या खोलीतून पाहिले. ते प्राध्यापक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२, मुरुड, जिल्हा रत्नागिरी. ते नऊ वर्षांचे असताना मातोश्री राधाबाई निवर्तल्या. १८९३ साली वडिलांनी विधवेशी विवाह केला आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. सुधारणेची किंमत रघुनाथरावांनी अशी घरातच पाहिली. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. पुढे गणिताचे अध्यापन करीत असताना १९१९ साली उच्च अध्ययनासाठी पॅरिसला गेले.

परतल्यावर १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र याच वर्षी उघडले, हे ध्यानात घेतले म्हणजे कर्वे काळाच्या किती पुढे होते ते कळते. १९२३ साली त्यांचे या विषयावरील मराठी पुस्तक निघाले. ते ज्या विल्सन महाविद्यालयात शिकवीत, ती मिशनरी संस्था. तिला हे कार्य रुचले नाही. नोकरी की कार्य, असा पेच उभा राहिला आणि १९२५ साली कर्व्यांनी नोकरी सोडली. संसाराची ओढाताण पत्नी मालतीबाईंनी सोसली. अपत्य न होऊ देण्याचा निर्णय या दांपत्याने स्वतःपुरता आधीच अमलात आणला होता.

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक निघाले. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणारी स्त्री, पोटभर अन्न न मिळणारी मुले आणि कर्जात बुडालेला कुटुंबप्रमुख ही एकाच अज्ञानाची फळे आहेत, हे त्यांनी सव्वीस वर्षे न थकता सांगितले. आपल्या देहावर स्त्रीचा अधिकार आहे, हे त्यांच्या विचाराचे मूळ होते. लोकसंख्येला आळा बसणे हे त्यातून निघणारे फळ. लेखणी तिखट, त्यामुळे विरोधक पुष्कळ. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावे लागले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले.

एप्रिल १९२५ मध्ये आपल्या निपाणीत भरलेल्या प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष ते हेच बाबासाहेब. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. निपाणी तेव्हा मुंबई इलाख्यात होती. दक्षिणेकडील म्हैसूर संस्थानाने मात्र १९३० सालीच सरकारी रुग्णालयांत असा सल्ला देण्याचा हुकूम काढला होता. १९५६ साली आपला भाग त्याच म्हैसूर राज्यात गेला, हा इतिहासाचा एक योगायोग.

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजन हे राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले. नोव्हेंबरचा अंक हा 'समाजस्वास्थ्य'चा अखेरचा अंक ठरला.

पुढे त्यांचे साधन सरकारने उचलले, विचार मात्र पुरता उचलला नाही. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात उद्दिष्टाचे आकडे गाठण्यासाठी शस्त्रक्रियांची सक्ती झाली आणि कुटुंबनियोजन या शब्दाचीच लोकांना धास्ती बसली. आज चित्र पालटले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात एका स्त्रीमागे सरासरी दोन मुले जन्मतात. पण त्याच पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे. पतीने ती करून घेतल्याचे प्रमाण अवघे ०.३ टक्के. संख्या आटोक्यात आली, भार मात्र बाईच्याच अंगावर राहिला.

दिवसभर विड्या वळून घर चालविणाऱ्या स्त्रियांच्या या गावात त्या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावयास नको. लोकसंख्या घटली म्हणजे कल्याण साधले, असे कर्व्यांच्या हिशेबात नव्हते. घराघरातली बाई सुखी झाली का, हा त्यांच्या गणिताचा ताळा होता. तो ताळा अद्याप जुळलेला नाही. म्हणून शंभरी गाठलेल्या ग्रंथालयाच्या कपाटात कर्व्यांची पुस्तके केवळ जपून ठेवून भागणार नाही. ती वाचकांच्या, आणि विशेषतः पुरुष वाचकांच्या, हाती गेली पाहिजेत.