पाच वॉटचा आवाज

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नसे. तारा सुरात लावण्यापुरतेही ज्ञान त्यांनी कधी आत्मसात केले नाही, आणि त्याची त्यांना फारशी खंत होती असेही दिसत नाही. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा नाद कसा असावा, हे ज्या मोजक्या माणसांनी ठरवले, त्यांत या अमेरिकन रेडिओ-कारागिराचे स्थान फार वरचे आहे. त्यांच्या टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या गिटारींविषयी उदंड लिहिले गेले. नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी बनवलेल्या एका चिमुकल्या, स्वस्त अॅम्प्लिफायरची कथा त्या मानाने मागे पडली. वास्तविक फेंडर यांचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर तो त्या लहानशा पेटीतच अधिक स्पष्ट दिसतो.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म 10 ऑगस्ट 1909 रोजी कॅलिफोर्नियात, फुलर्टन आणि अॅनाहाइम या गावांच्या परिसरातील एका संत्र्यांच्या बागेत झाला. आई-वडील शेतकरी. वयाच्या आठव्या वर्षी गाठ झाल्याने एक डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा आला. मोटारींच्या विद्युत दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका नातलगाने 1922 मध्ये रेडिओच्या सुट्या भागांची एक पेटी या मुलाला पाठवली, आणि पुढचे सारे आयुष्य त्या पेटीने ठरवले. गंमत अशी की महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले ते हिशेबनिसाचे. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही रीतसर अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला नाही. महामंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा 1938 मध्ये 600 डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले.

हे दुकान म्हणजे त्यांचे खरे विद्यापीठ. रेडिओ, ग्रामोफोन, सभेचे ध्वनिवर्धक असे जे बिघडेल ते तिथे येई. कोणता जोड आधी सुटतो, कोणता भाग तापतो, कोणता स्क्रू हाताला सापडत नाही, हे रोज पाहणाऱ्या माणसाने पुढे स्वतःची यंत्रे बनवली तेव्हा ती उघडणाऱ्याची अडचण त्याने आधीच ओळखली होती. 1945 मध्ये डॉक कॉफमन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी आणि त्यांच्या जोडीचे अॅम्प्लिफायर बनवण्यास प्रारंभ केला. कॉफमन लवकरच बाजूला झाले आणि 1946 मध्ये फेंडर यांचा स्वतंत्र उद्योग उभा राहिला.

शिकणाऱ्या मुलांना महागडा संच परवडत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून 1940च्या दशकाच्या अखेरीस चॅम्पियन नावाचा लहान अॅम्प्लिफायर आला. आठ इंची स्पीकर असलेला तो चॅम्पियन 800 आणि सहा इंची स्पीकर असलेला चॅम्पियन 600, इतके ते सरळ नामकरण होते. 1950च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याचा चॅम्प झाला. पिवळसर जाड कापडाने मढवलेली पेटी, आत आठ इंची स्पीकर आणि वर आवाज कमी-जास्त करण्याचे एकच बटण. शक्ती जेमतेम पाच वॉट.

ज्या वाचकांच्या घरी एके काळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना या पेटीचे अंतरंग अनोळखी वाटणार नाही. तिच्यात फक्त तीन व्हॉल्व्ह. 12एएक्स7 हा गिटारकडून आलेला क्षीण संकेत दोन टप्प्यांत वाढवतो, 6व्ही6 त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो आणि 5वाय3 घरातील उलटसुलट वाहणाऱ्या विजेचे एकदिश विजेत रूपांतर करतो. मोठ्या अॅम्प्लिफायरमध्ये शक्तीचे दोन किंवा चार व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात. इथे एकटा 6व्ही6 संपूर्ण भार वाहतो. याहून कमी भागांत गिटारचा अॅम्प्लिफायर बनवणे कठीण आहे.

आता यातील विसंगती पाहा. फेंडर यांना स्वच्छ, निर्मळ आवाज प्रिय होता. कर्कश फाटलेला नाद त्यांच्या लेखी बिघाडच. परंतु एकुलता व्हॉल्व्ह त्याच्या मर्यादेपलीकडे रेटला की लहरींचे माथे छाटले जातात, नवे उपस्वर मिसळतात आणि नाद जाडसर, किंचित खरखरीत होतो. वादकांना नेमका तोच आवडला. शंभर वॉटचा अॅम्प्लिफायर त्या अवस्थेला नेईपर्यंत खिडक्यांची तावदाने थरथरू लागतात. चॅम्प मात्र एका खोलीत तिथे पोहोचतो. एरिक क्लॅप्टन यांनी 1970 मध्ये मायामीतील स्टुडिओत लैलाच्या ध्वनिमुद्रणासाठी अशाच चॅम्पचा उपयोग केला. ऐकणाऱ्याला तो आवाज लहान पेटीतला वाटत नाही.

दरम्यान फेंडर यांचे नाव मोठे झाले होते. 1950च्या दशकाने टेलिकास्टर, 1951 मधील प्रिसिजन बेस आणि 1954 मधील स्ट्रॅटोकास्टर पाहिली. त्यांच्या बासमन अॅम्प्लिफायरची रचना समोर ठेवून लंडनमध्ये जिम मार्शल यांनी 1962 मध्ये आपला पहिला अॅम्प्लिफायर घडवला. पण घशा-नाकाच्या जुनाट संसर्गाने फेंडर यांची प्रकृती ढासळत गेली. आपले दिवस थोडे उरले, या समजुतीने जानेवारी 1965 मध्ये त्यांनी संपूर्ण उद्योग सीबीएस कंपनीला 1 कोटी 30 लाख डॉलरना विकला. पुढे दुसऱ्या डॉक्टरच्या उपचारांनी ते बरे झाले! स्वतःच्या नावाचा कारखाना मात्र आता परक्याच्या हाती होता. त्यांनी म्युझिक मॅन आणि नंतर जी अँड एल या कंपन्यांतून काम चालू ठेवले. कंपवाताने ग्रासले तरी कामाचे टेबल त्यांनी सोडले नाही. 21 मार्च 1991 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या साध्या आराखड्याचे आयुष्य मात्र थांबले नाही. 2005च्या सुमारास एपिफोन कंपनीचा व्हॉल्व्ह ज्युनियर आणि 2007 मध्ये फेंडर कंपनीचाच नवा चॅम्पियन 600 स्वस्तात बाजारात आला, आणि जगभरच्या हौशी मंडळींनी ते उघडून त्यांत बदल करण्याचा सपाटा लावला. असा अॅम्प्लिफायर घेताना वॉटचे आकडे फार मनावर घेऊ नयेत. शक्ती दहापट वाढली तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच भासतो. बाहेरचा स्पीकर जोडण्याची सोय आहे का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. कारण पहिला आणि सर्वांत परिणामकारक बदल स्पीकरचाच. सहा इंचीऐवजी दहा किंवा बारा इंची स्पीकर जोडला की तीच पेटी भरदार बोलू लागते. ओहमचा आकडा तेवढा जुळायला हवा. 12एएक्स7च्या जागी 12एवाय7 बसवला तर आवाज उशिरा फाटतो. पुष्कळजण स्पीकरकडून मागे येणारा एक रेझिस्टर सोडवतात, त्यामुळे नाद अधिक रांगडा आणि थोडा मोठा होतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलणे हे खर्चिक काम, ते शेवटी करावे.

अमेरिकेतील नातलगांकडून असा अॅम्प्लिफायर मागवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. तो तिथल्या 120 व्होल्टसाठी बनलेला असतो. आपल्याकडील 230 व्होल्टवर थेट लावल्यास जळतो, म्हणून मध्ये योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर हवा. आणि झाकण उघडण्यापूर्वी आणखी एक गोष्ट. आतील कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते. प्लग काढल्यावरही ती काही काळ तशीच राहते आणि प्राणघातक ठरू शकते. ती रेझिस्टरमधून रिकामी करून, मीटरने तपासल्यावाचून आत बोट घालू नये. हे ज्याला येत नाही, त्याने जुन्या रेडिओ मेकॅनिकचा पत्ता शोधावा.