एक प्रोजेक्ट, बत्तीस वर्षं: पां. वा. काणे यांच्याकडून काय शिकायचं?

टायमर, स्ट्रीक, टू-डू लिस्ट अशी दोन-चार ॲप्स आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असतातच. तरी मोठा प्रोजेक्ट हातात आला की पहिले पंधरा दिवस जोरात जातात आणि मग आपलीच बॅटरी डाऊन होते. आज मी कुठलं ॲप सांगणार नाहीये. आज एका माणसाची गोष्ट सांगतो, ज्याने एकाच कामाचे भाग १९३० ते १९६२ पर्यंत एकामागून एक बाहेर काढले.

कोण होते काणे?

पांडुरंग वामन काणे यांचा जन्म ७ मे १८८० चा, रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणजवळचा. शिक्षण दापोलीत आणि मग मुंबईच्या विल्सन कॉलेजात. आधी शाळेत मास्तरकी केली, मग कायदा शिकून मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. सोबत संस्कृत ग्रंथांचं संपादन चालूच होतं.

प्रोजेक्ट सुरू कसा झाला?

‘व्यवहारमयूख’ हा जुन्या हिंदू कायद्यावरचा संस्कृत ग्रंथ ते संपादित करत होते. त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी, एवढाच विचार होता. पण विषय इतका मोठा निघाला की तो प्रस्तावनेत मावेना. मग त्यांनी दोन्ही कामं वेगळी केली. ‘व्यवहारमयूख’ १९२६ मध्ये छापून मोकळा झाला आणि इतिहासाचा स्वतंत्र ग्रंथ सुरू झाला.

आपल्या भाषेत सांगायचं तर स्कोप वाढला. पण वाढलेल्या स्कोपसाठी त्यांनी तयार होत आलेलं काम अडवून ठेवलं नाही. आपण बहुतेक वेळा नेमकं उलटं करतो.

रिलीजचा हिशोब

हा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने छापला. तारखा बघा:

- खंड १: १९३० (वय ५०)
- खंड २: १९४१ (वय ६१)
- खंड ३: १९४६ (वय ६६)
- खंड ४: १९५३ (वय ७३)
- खंड ५: १९५८ आणि १९६२, दोन भागांत (वय ७८ आणि ८२)

एकूण पानं साडेसहा हजारांच्या आसपास. पहिल्या आणि दुसऱ्या खंडात तब्बल अकरा वर्षांचं अंतर आहे. रोजची स्ट्रीक मोजणाऱ्या ॲपने त्यांना कधीच नापास केलं असतं!

मला दिसलेल्या चार गोष्टी

१. आधी पाया. पहिल्या खंडात त्यांनी मुख्यतः ग्रंथ कोणते, लेखक कोण आणि काळ कोणता, हे लावून घेतलं. संस्कार, राज्यकारभार, कायदा, प्रायश्चित्त, तीर्थयात्रा, व्रतं हे विषय पुढच्या खंडांत आले. डेटाबेसची रचना आधी नीट केली की नंतरचं काम हलकं होतं, तसंच हे.

२. प्रत्येक खंड स्वतःच्या पायावर उभा. पाचवा येईपर्यंत पहिला कपाटात पडून राहिला नाही. लोक तो वाचत होते, वापरत होते. केलेलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडताना दिसलं की पुढचं करायला जीव येतो. चौथ्या खंडाला १९५६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा पाचवा अजून छापून यायचा होता.

३. पोटापाण्याचं काम आणि आवडीचं काम शेजारी-शेजारी. कोर्टात कायदा आणि घरी कायद्याचा इतिहास. एकीकडचं वाचन दुसरीकडे कामाला येतं. साइड प्रोजेक्ट निवडताना मी हेच बघतो, की नोकरीत शिकलेलं काही त्यात वापरता येईल का?

४. वेग बदलला, दिशा नाही. मधल्या काळात ते १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, १९५३ पासून राज्यसभेचे सदस्य होते. अशा काळात लेखनाचा वेग सारखाच राहावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

पण एक लक्षात घ्या

ही गोष्ट सांगून मी तुम्हाला रात्री दोनपर्यंत लॅपटॉपसमोर बसायला सांगत नाहीये. काण्यांच्या ग्रंथाची डेडलाइन बऱ्याच अंशी त्यांच्या हातात होती, आपली क्लायंटच्या हातात असते. हा फरक मोठा आहे. कामच चार माणसांचं असेल आणि टीममध्ये दोघंच असतील, तर त्यावर मोटिव्हेशन हा उपाय नाही. तिथे मॅनेजरशी बोलून काम कमी करणं किंवा तारीख पुढे ढकलणं हाच उपाय. झोप उडाली असेल, आवडीचं कामही नकोसं झालं असेल तर डॉक्टरांना भेटा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जे आपल्या हातात आहे ते मात्र करता येतं. मोठ्या कामाचा असा तुकडा पाडा, जो एकटाही उपयोगी पडेल. तो संपवा, लोकांना वापरायला द्या, मग थोडं थांबा. आमच्याकडे आसेगावात सोयाबीन पेरल्यावर दुसऱ्या दिवशी शेंगा मोजायला कुणी शेतात जात नाही. पण म्हणून डवरणी, फवारणी कुणी चुकवतही नाही.

काण्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं. काम तिथेही थांबलं नाही. पहिल्या खंडाची सुधारित आवृत्ती त्यांनी हाती घेतली आणि तिचा पहिला भाग १९६८ मध्ये आला. तेव्हा वय होतं ८८. १९७२ मध्ये ते गेले.

आता फोनमधली टू-डू लिस्ट उघडा आणि सगळ्यात मोठ्या कामाखाली फक्त एक ओळ लिहा: याचा पहिला खंड कोणता?