मातीतल्या जीवांचे संशोधक : मार्टिनस बायेरिंक

भुईमुगाचं रोप उपटून पाहा. मुळांवर बारीक बारीक गाठी दिसतील. त्या गाठींत राहणारे जीवाणू पहिल्यांदा वेगळे काढून वाढवले ते हॉलंडच्या मार्टिनस बायेरिंक यांनी.

त्यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथे झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाला, घरी ओढाताण सुरू झाली. मार्टिनसना लहानपणी वडिलांनीच घरी शिकवलं. पुढे ते वागेनिंगेनच्या शेतकी शाळेत शिक्षक झाले. पण स्वभाव फार तापट! विद्यार्थ्यांना टाकून बोलत. (अशा गुरुजींच्या वर्गात बसायचं म्हणजे कठीणच.) त्यांनी लग्न केलं नाही, बहिणींबरोबर राहिले. १८८५ साली शाळा सोडून ते डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात गेले.

तिथेच १८८८ साली गाठींचं कोडं सुटलं. हवेत नायट्रोजन भरपूर, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. गाठीतले जीवाणू तो झाडाला मिळवून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. बायेरिंकनी द्विदल झाडांच्या पानांचा काढा केला, त्यात जिलेटिन घालून हे जीवाणू वाढवले. तेच आपलं रायझोबियम. पेरणीच्या वेळी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळतात ना, तेच!

१८९५ साली ते डेल्फ्टलाच प्राध्यापक झाले. १९०१ साली त्यांनी एक युक्ती केली. भांड्यात साखरेसारखं खाद्य ठेवलं, पण नायट्रोजनचं खत मुळीच घातलं नाही. मग चिमूटभर माती टाकली. हवेतून नायट्रोजन घेणारा जीवाणूच त्यात जोमानं वाढणार, बाकीचे उपाशी. असा अझोटोबॅक्टर हाती लागला. तो गाठीशिवाय, मातीत मोकळा राहतो.

१ जानेवारी १९३१ रोजी बायेरिंक वारले.

आता आपल्याकडे या. नागपूर जिल्ह्यात गुमगावला मँगनीजची खाण आहे. खाण खोदली की वरची सुपीक माती गाडली जाते आणि आतला दगड-मुरूम वर येतो. त्या ढिगावर झाड लावलं तरी जगणार कसं? मातीतले जीवच तिथे जवळजवळ नसतात. विसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात नागपूरच्या नीरी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्या ढिगात साखर कारखान्याची मळी मिसळली, मुळांना मदत करणारी बुरशी घातली. रोपांच्या मुळांशी रायझोबियमच्या जातीचे जीवाणू आणि अझोटोबॅक्टरही दिले. त्या उघड्या ढिगावर झाडं उभी राहिली.