माळढोकाचे कैवारी डॉ. सलीम अली

चोडण बेटावरील पक्षी अभयारण्यामुळे डॉ. सलीम अली हे नाव गोव्याला चांगलेच परिचित आहे. खारफुटीच्या दाट छायेत त्यांचे स्मरण जपले गेले; मात्र राष्ट्रीय पक्ष्याचा मान त्यांनी ज्याच्यासाठी मागितला, तो माळढोक उघड्या, कोरड्या, गुरे चरणाऱ्या माळाचा रहिवासी आहे.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सलीम बालपणीच पोरके झाले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटविण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे मिलार्ड या सचिवांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली. पुढे ब्रह्मदेशात कौटुंबिक व्यवसाय, मुंबईच्या संग्रहालयात नोकरी आणि बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे अध्ययन, असा त्यांचा प्रवास झाला. परतल्यावर नोकरी उरली नव्हती. अलिबागजवळच्या किहीम येथे राहून त्यांनी सुगरणीच्या विणीचा केलेला अभ्यास मात्र त्यांच्या कीर्तीचा पाया ठरला.

संस्थानांच्या साहाय्याने त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर आदी प्रदेशांतील पक्ष्यांची पाहणी केली. मध्य भारतातील पक्ष्यांवरील त्यांचे लेखन १९३९-४० मध्ये प्रसिद्ध झाले. पत्नी तहमिना यांचे १९३९ मध्ये निधन झाले. त्या दुःखातही काम थांबले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांविषयीचे त्यांचे लोकप्रिय पुस्तक निघाले, तर डिलन रिप्ले यांच्यासह रचलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ पर्यंत पूर्ण झाला.

राष्ट्रीय पक्षी निवडण्याचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी माळढोकाचा आग्रह धरला. जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालणारा हा मोठा पक्षी झपाट्याने घटत होता. मानाचे स्थान मिळाल्यास त्याचा अधिवासही वाचेल, हा त्यामागील विचार होता. १९६३ मध्ये मोराची निवड झाली. माळ मात्र सरकारी दप्तरात पडीकच राहिले. कुठे नांगर फिरला, कुठे वृक्षारोपण झाले. आखूड गवताचा मोकळा माळ हे झाडांवाचून ओसाड पडलेले रान नसून एक परिपूर्ण अधिवास आहे, हे उमजायला फार उशीर झाला.

माळाचे रूप टिकविण्यात चराईचाही वाटा असतो. येथे सलीम अलींच्या कार्याची उणी बाजूही पाहावी लागते. भरतपूरच्या केवलादेव येथे १९८२ मध्ये आलेल्या चराईबंदीला त्यांचे समर्थन होते. त्यातून संघर्ष पेटला आणि गोळीबारात गावकऱ्यांचे बळी गेले. पुढे त्यांच्याच सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले, की म्हशी हटल्याने पाणथळीत गवत माजले आणि पक्ष्यांचीच अडचण झाली. ते पाणथळ होते, माळ नव्हे. पण गुरे आणि पक्षी यांना सरसकट शत्रू मानू नये, हा धडा दोन्हीकडे लागू पडतो.

१९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व लाभलेल्या या अभ्यासकाने २० जून १९८७ रोजी मुंबईत देह ठेवला. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले होते, मध्य प्रदेशात करेऱ्याला १९८१ मध्ये. करेऱ्यात जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांमुळे गावकरी दुरावले आणि माळढोकही नाहीसा झाला. आज देशात उरलेल्या मोजक्या माळढोकांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत.

त्याच मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, नागपूर-छिंदवाडा मार्गावर, सौसर तालुक्यातील लोधीखेडा हे मराठी बोलणाऱ्या मुलखातील गाव आहे. अशा गावांची गायराने असोत की टिटवी जिथे उघड्यावर अंडी घालते ते आपले सडे असोत, त्यांचे भवितव्य ठरविताना गुराख्याला विचारात घेणे आवश्यक आहे. चोडणच्या फलकावरील नावाचे खरे स्मरण, पडीक या शब्दाचा पुनर्विचार केल्यानेच होईल.