उकिरड्यापाशी शिकलेले हॉवर्डसाहेब

भाजीचा वाफा करायचा म्हटले की आपण आधी बियाणे शोधतो. माती शेवटी आठवते. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रजाने आयुष्यभर हा क्रम उलटा धरला, म्हणून ते मला जवळचे वाटतात.

जन्म १८७३ चा, श्रॉपशायरमधल्या शेतकरी घरातला. केंब्रिजला शिकून १९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. गव्हाच्या नव्या जातींनी त्यांचे नाव झाले. पण आसपासची रयत औषधांवाचून निरोगी पिके काढते, हे पाहून साहेबांनी तिलाच गुरू केले. शिकवायला आलेला माणूस शिकायला बसला, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

१९२४ मध्ये इंदूर दरबारने दिलेल्या जमिनीवर त्यांची संस्था उभी राहिली. काम मुख्यतः कापसाचे. पिकाला खत हवे, तर शेण चुलीत जात होते. उरल्या पऱ्हाट्या, तुराट्या, पालापाचोळा. कडक पऱ्हाट्या त्यांनी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेतल्या, मग बैलांखाली अंथरल्या. या काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि थोडी लाकडाची राख, वर पाणी. असे थर रचून तीनदा चाळवायचे, कारण कुजणाऱ्या जिवांना ओलाव्याइतकीच हवाही लागते. आतून ढीग चांगला तापतो. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार.

आपला उकिरडा वर्षभर नुसता पडून असतो. हा मात्र राबता उकिरडा. यातली खरी मेख अशी, की कुजण्याचे काम वाफ्याबाहेर उरकायचे. कच्चा काडीकचरा थेट मातीत गाडला तर तो कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. ढिगात शेण-मूत्र घालायचे ते ही नत्राची भूक आधीच भागवण्यासाठी. म्हणूनच मृगात भाजी लावायची तर माझ्या परसातला ढीग मी शिमग्याच्या सुमारासच रचतो. पावसाच्या तोंडावर घाईने कच्चे शेण पसरणाऱ्यांना हे कोण सांगणार?

साहेबांचे सगळेच मला पटते असे नाही. आपले बैल लाळ्या-खुरकत झालेल्या जनावरांच्या नाकाला नाक लावूनही ठणठणीत राहिले, यावरून त्यांनी सुपीक मातीचे फारच मोठे माहात्म्य बांधले. पण खताची कृती मात्र मोजूनमापून, पारखून घेतलेली होती.

ते मापन एकट्याचे नव्हते. पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ; पुसापासून प्रत्येक कामात बरोबरीच्या. १९३० मध्ये त्या वारल्या आणि पुढच्याच वर्षी साहेबांनी हिंदुस्थान सोडला. त्याच १९३१ साली या खतावरचे त्यांचे पुस्तक निघाले. त्यावर लेखक म्हणून दुसरे नाव आहे यशवंत वाड यांचे. वाचताच मराठी कान टवकारावेत असे नाव! वाड संस्थेत रसायनशास्त्राचे काम पाहत.

हॉवर्डना १९३४ मध्ये सर ही पदवी मिळाली. पद्धतीला मात्र त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. आसरा देणाऱ्या संस्थानाची आठवण म्हणून ती इंदूर पद्धत झाली.