रिद्धपूरचे ‘वेडे’ राऊळ

तेराव्या शतकात वऱ्हाडातील रिद्धपूरच्या गल्ल्यांतून एक पुरुष दिवसभर हिंडत असे. स्वतःशीच पुटपुटे, कारण नसता हसे, क्षणात रागावे, मुलांत मूल होऊन खेळे. गावाने त्याला वेडा ठरविले आणि त्याच गावाने त्याला माय-बापही मानले. गोविंदप्रभू तथा गुंडम राऊळ ते हेच. चक्रधरस्वामींचे ते गुरू. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी एक.

आई-वडील लवकर निवर्तल्याने आजोळच्या नातलगांनी त्यांना वाढविले. पुढचे आयुष्य रिद्धपुरातच गेले. महार-मांगांच्या वस्तीत जावे आणि तसेच ब्राह्मणाच्या घरात शिरावे, हा त्यांचा परिपाठ सोवळ्या गावाला मानवणारा नव्हता.

चमत्कारिक वागणाऱ्याला ‘येडा’ म्हणून मोकळे होणे किन्हीराजापासून मोर्शीपर्यंत आजही सोपे आहे. मानसोपचारशास्त्राने १९८० मध्ये अमेरिकी वर्गीकरणात ‘स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकार’ ही स्वतंत्र नोंद केली. विचित्र समजुती, तऱ्हेवाईक बोलणे, संशय, जवळच्या माणसांचा अभाव ही त्याची लक्षणे. मात्र ज्या समजुती त्या समाजात सर्वमान्य आहेत, त्या लक्षण धरल्या जात नाहीत. शिवाय हा विकार माणसाला एकटे पाडतो. राऊळांभोवती तर माणसांचा राबता होता. सातशे वर्षांपूर्वीच्या पुरुषाला पोथीवरून निदान चिकटविणे म्हणूनच उथळपणाचे ठरेल.

चक्रधरांच्या पश्चात नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदंबा आदी शिष्य रिद्धपुरी येऊन त्यांच्या सेवेत राहिले. वृद्ध राऊळांनी एकदा आपले लग्न लावण्याचा हट्ट धरला. भक्तांनी त्यांना समजावण्याऐवजी लग्नाचा थाट मांडला आणि त्या प्रसंगी महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गायिले. आद्य मराठी कवयित्रीची ही रचना एका ‘वेड्या’च्या लहरीतून जन्मली, हे साहित्याच्या इतिहासात फारसे ठळकपणे सांगितले जात नाही.

इ.स. १२८७ च्या सुमारास राऊळ गेले. त्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून चरित्र सिद्ध केले. गुरूचे पुटपुटणे, रुसणे, रागावणे यांतले काही त्यांनी झाकून ठेवले नाही.